डब्यावरचे दोन काटे

मोताळ्याच्या आसपास विहिरीचं ओलित असलेल्या वावरात, झोपडीत डोकावून पाहा. भिंतीला स्टार्टरचा डबा आणि अनेकदा त्यावर दोन तबकड्या: एक व्होल्टची, एक अँपिअरची. लाईन आली की हिरवं बटण दाबण्याआधी नजर पहिल्या काट्यावर जाते, दाबल्यावर दुसऱ्यावर. रोजचंच झालं हे! पण या दोन काट्यांत केवढा मोठा हिशेब लपलाय, कधी पाहिलंय?

खामगावच्या बाजारात कापसाला भाव असतो ना, तसा विजेला व्होल्ट. अँपिअर म्हणजे माल, दर सेकंदाला तारेतून किती वीजभार गेला त्याचं माप. भावाला मालाने गुणलं की हिशोबपट्टीवर रक्कम येते. विजेच्या पट्टीवर त्या रकमेला वॅट म्हणतात. झाली शक्ती!

आणि गुणण्याऐवजी भागलं तर? व्होल्ट भागिले अँपिअर केलं की समजतं, एक अँपिअर ढकलायला तारेने किती व्होल्ट मागितले. ही तिची अडवणूक, म्हणजे रोध. त्याचं माप ओहम.

हे नाव एका शाळामास्तराचं आहे. गेऑर्ग ओहम, कुलुपं बनवणाऱ्याचा मुलगा. त्याला विजेचा असा उगम हवा होता, ज्याचा जोर प्रयोग संपेपर्यंत हलणार नाही. त्या काळच्या बॅटऱ्या लहरी. मग त्याने काय केलं? दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. उकळी आणि बर्फ, दोघांचं तापमान पक्कं, म्हणून विजेचा जोरही पक्का! टांगलेल्या चुंबकसुईच्या वळण्यावरून त्याने प्रवाह मोजला. १८२७ मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा त्याच्या देशात फारसं कुणी विचारलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळायला १८४१ साल उजाडलं.

आता त्याचा नियम, म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअरचा तोच हिशेब, न्हाणीघरात आणू. पाणी तापवायच्या हीटरवर छापलंय: २३० व्होल्ट, १००० वॅट. हजार भागिले २३०, म्हणजे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५, म्हणजे जवळजवळ ५३ ओहम. कॉईल उघडली नाही, मीटर लावला नाही, तरी तिच्या पोटातला आकडा हातात आला!

समजा, थंडीच्या पहाटे व्होल्टेज १६० वर आलं. उष्णता किती घटेल? व्होल्ट तीस टक्के घटले, म्हणजे उष्णताही तीस टक्के, असंच वाटतं ना? पण कॉईलचे ५३ ओहम जवळपास तेच राहतात, म्हणून भाव पडताच मालही आटतो. तीनच अँपिअर. पट्टी सुमारे ४८४ वॅटची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पंधरा लिटरची बादली २० वरून ५० अंशांवर जायला जिथे अर्धा तास लागायचा, तिथे तासाहून जास्त.

आता खरी गंमत. तेच पडलेलं व्होल्टेज विहिरीवरच्या मोटरला द्या. तिचा अँपिअरचा काटा खाली येत नाही, वर चढतो! असं का? कारण पाणी तेवढंच उपसायचंय. ज्याला ठरलेली रक्कम फेडायची आहे, तो भाव पडला की जास्त क्विंटल विकतो. मोटर अगदी तशीच. पाच एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. (तीन फेजच्या मोटरला १.७३ ने आणि पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं, पण ते असू द्या.) व्होल्ट ३२० वर आले की तीच मोटर पावणेदहाच्या आसपास ओढते.

तारेतली उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह १.३ पट, म्हणून वायंडिंगमधली उष्णता जवळजवळ १.७ पट. वेळेवर ट्रिप झाली नाही तर मोटर जळते ती अशी. विजेने जास्त जोर लावला म्हणून नाही, कमी लावला म्हणून!

हा वर्गाचा कायदा केबललाही सोडत नाही. डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपासून विहिरीपर्यंत ३०० मीटर, अडीच चौरस एमएमची तांब्याची केबल टाकली की साडेसात अँपिअरला साधारण २९ व्होल्ट वाटेतच गायब. पावणेचारशे वॅट नुसती तार कोमट करण्यात जातात. केबल विकत घेताना वाचवलेले पैसे असे परत वसूल होतात.

मग भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातली वीज इतक्या लांब पोचते तरी कशी? पुन्हा तोच बाजार. सोनं पिशवीत मावतं, तेवढ्याच रकमेच्या कापसाला ट्रॅक्टर लागतो. म्हणून जनित्रातून सुमारे वीस हजार व्होल्टला निघालेल्या विजेचा भाव चार लाख व्होल्टपर्यंत चढवतात. भाव वीस पट, माल विसावा हिस्सा, आणि त्याच तारेतली नासाडी? चारशेवा हिस्सा!

गावाजवळ येईपर्यंत हा भाव टप्प्याटप्प्याने उतरतो आणि शेवटी डीपीतून झोपडीतल्या डब्यात येतो. तुमचा काटा ३९० वर स्थिर असतो. अचानक तो दबकतो, बल्ब लुकलुकतो, क्षणभराने दोन्ही सावरतात. चालू होताना मोटर पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि तेवढ्यापुरते सामाईक तारेतच जास्त व्होल्ट खर्च होतात. शेजारच्या विहिरीवर कुणीतरी आत्ताच हिरवं बटण दाबलंय.