गरोदर बाईचा खर्रा सुटेल, पण टोमण्यांनी नाही

माजरीसारख्या कोळसा खाणीच्या गावात गरोदर बाईला ‘धूम्रपान सोडा’ सांगितले, तर ती म्हणेल, ‘मी कुठे बिडी ओढते?’ खरेच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करतात, पण १६.६ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ती खर्र्यातून पोटात जाते.

बिडी असो की खर्रा, निकोटीन तेच. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी होते. बाळ कमी वजनाचे, दिवस भरण्याआधी किंवा मृत जन्मण्याचा धोका वाढतो.

हे सांगूनही खर्रा सुटत नाही, कारण त्यामागे मनावरचा ताण असतो. कामाचा शीण, पैशाची ओढाताण, ‘मुलगाच हवा’ हा दबाव. खर्र्याने बरे वाटते, पण बहुतेक वेळा ती आधीच्या खर्र्याने लावलेली तलफच भागलेली असते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, रडू येते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. नेमक्या याच दिवसांत घरात टोमणे बसले, तर ती खर्रा सोडत नाही, लपवते. आशाताईंनाही सांगत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, पाचव्या शीलाचा दाखला देऊन तिला अपराधी ठरवू नका. ते शील घरातल्या सगळ्यांनीच घेतले आहे. नवऱ्याने खर्र्याची पन्नी घरात आणू नये, बिडी तिच्याजवळ ओढू नये. सासूने सोबत सोडावे. तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी, बडीशेप, थोडे चालणे, कुणाशी तरी बोलणे कामी येते. निकोटीनचे च्युइंगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. पुढे मजूर खात्याचे सदस्य असताना खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती आणली. आईची काळजी ही तिची एकटीची जबाबदारी नाही, हे त्यामागचे तत्त्व. आपल्या वस्तीत ते पाळायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.