सिलिंडरवरचं अक्षर वाचलंय?

‘स्वयंपाक येतो ना, मग गृहविज्ञान शिकवायला तयारी कसली?’ हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षिकेला स्टाफरूममध्ये हे हमखास ऐकावं लागतं. पण रांधता येणं वेगळं आणि ते शिकवता येणं वेगळं.

फोडणीच्या भाताचंच घ्या. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी खरपूस परतला की जंतू मरतात, असं अनेक घरांत मानलं जातं. प्रत्यक्षात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही तग धरतात. भात उबदार हवेत राहिला की ते वाढीला लागतात आणि त्यांनी तयार केलेलं, उलट्या घडवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवायचा. आठवीतली मुलं ‘का?’ विचारणारच. त्याचं उत्तर पाठटाचणात आधीच हवं.

गृहविज्ञान हे मुलींचं काम, हा समज तर फारच जुना. जपानच्या हायस्कूलांत हा विषय मुलींनाच सक्तीचा होता. १९९४ पासून तिथे मुलगेही तो शिकतात. फिनलंडमध्ये सातवीत तो सर्वांना सक्तीचा आहे.

याच तासाला शिकवायची जीवनकौशल्यं म्हणजे संस्कारांवरचं भाषण, असंही अनेकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली दहा कौशल्यं पाहिली तर हा गैरसमज टिकत नाही. निर्णय घेणं, समस्या सोडवणं, समानुभूती, ताणाला तोंड देणं ही त्यांतली काही. यांतलं एकही नुसतं ऐकून येत नाही.

त्यासाठी वर्गात एक रिकामा सिलिंडर आणावा. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या तीन उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला ‘बी-२८’ असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्यापुढच्या तिमाह्या, आकडा वर्षाचा. ही गॅसची ‘एक्स्पायरी’ नव्हे, सिलिंडरची पुढची चाचणी कधी व्हायची त्याची ही खूण आहे. मुलांनी वाकून ती स्वतः शोधावी.

मग विचारावं, गॅसचा वास आला तर? अनेकांचा हात आधी पंख्याच्या बटणाकडे जातो आणि धोका तिथेच असतो. बटण चालू करताना किंवा बंद करताना ठिणगी उडू शकते आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहतो. बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि मग १९०६ वर फोन लावायचा. घाबरलेल्या माणसाला हा क्रम आठवत नाही, म्हणून जोड्या लावून मुलांकडून तो प्रत्यक्ष करून घ्यायला हवा. पस्तीस मिनिटांच्या तासात हे बसवायचं तर शिक्षिकेने आदल्या दिवशी घड्याळ लावून एकदा करून पाहिलेलं बरं.

वाचकांनीही आज स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरचं अक्षर पाहावं. तिमाही उलटून गेली असेल तर वितरकाकडून तो बदलून मागावा.