भिवंडी : माग आपला, सूत परक्याचे

भिवंडीत गेली काही वर्षे साधे यंत्रमाग किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. दुसरीकडे शहराबाहेर मैल-मैल लांबीची गोदामे उभी राहिली आहेत. गाव वाढते आहे, मग मागवालाच का बसला, असे आमचे कारागीर बांधव विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला गावाच्या इतिहासात दिसते.

भिवंडी मूळची बंदराची. कामवारी नदीचा काठ, शेजारी कल्याण, आणि बंदर मोहल्ला हे नाव आजही कायम आहे. मोगल अमलात गावाला इस्लामाबाद म्हणत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कोकणी मुसलमान येथले जुने रहिवासी. भात आणि लाकडाचा व्यापार चाले. १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणला गेली आणि भिवंडी बाजूला पडली. पण आग्रा रोड गावाजवळून जात होता. १८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून उजाड झालेले मोमीन विणकर याच रस्त्याने दक्षिणेकडे उतरले. कोणी बुऱ्हाणपूरला, कोणी मालेगावला थांबले, कोणी भिवंडीपर्यंत आले. येताना त्यांच्याजवळ हातातले कसब तेवढे होते.

पुढे वीज आली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग बसू लागले. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग स्वस्तात मिळत. स्वातंत्र्यानंतर सरकारने गिरण्यांना माग वाढवण्यास मनाई केली, तर चार मागांपर्यंतच्या छोट्या कारखान्यांना अबकारी करात सूट दिली. परिणाम काय झाला, ते सांगायला नको. एकाच शेठचे माग बायको, भाऊ, मेहुणा यांच्या नावांवर चार-चार करून वाटले गेले. धंदा वाढला, पण तुकड्या-तुकड्यांनी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे विणकाम भिवंडीकडे वळले आणि मागांची संख्या झपाट्याने वाढत गेली. एके काळी येथे सहा लाखांच्या आसपास माग असल्याचे सांगितले जाई.

हे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक वेळी भिवंडीची भरभराट दुसरीकडच्या अडचणीमुळे झाली. गिरण्यांवर बंदी आली, कर बसला, संप झाला. आणि काम आपल्याकडे आले. जे काम असे चालून येते ते तसेच निघूनही जाते.

आता मागवाल्याच्या कमाईचा हिशोब पाहू. बहुतेक मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, बीम त्याच्याच सुताची, तयार झालेले ग्रे कापडही त्याचेच. मागवाल्याला मिळते ती पिकावर ठरलेली मजुरी. पिक म्हणजे एक इंच कापडातील आडवे धागे. समजा, कापड ५२ पिकांचे आणि दर पिकाला १० पैसे. तर मीटरला ५ रुपये २० पैसे झाले. त्यातून वीज, कामगार, सुटे भाग आणि शेडचे भाडे भागवायचे. मीटरभर कापडात सुमारे २,०४७ आडवे धागे भरावे लागतात. साधा माग मिनिटाला दीडशे धागे टाकत असेल, तर एकदाही न थांबता तासाला साडेचार मीटरही होत नाही. एअरजेट माग मिनिटाला सहाशेच्या वर धागे टाकतो. सुताचा भाव चढला की व्यापारी बीम देणे थांबवतो आणि माग उभा राहतो. भाव उतरला तरी फायदा मागवाल्याला मिळत नाही, कारण माल त्याचा नाहीच.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये लागला. त्या गावाने पुढे सहकारी सूतगिरणी काढली, कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने उभे केले. तेथेही अडचणी आहेत, पण सुतावर आणि तयार कापडावर गावाचा काही हात राहिला. भिवंडीत पैसा आला तो आणखी चार माग घेण्यात गेला. हा दोष सर्वस्वी सरकारवर ढकलता येणार नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरी किंमत मोजावी लागली ती दंगलींची. १९७० आणि १९८४ मध्ये माग जळाले, कारागीर गावी पळाले, बाजार बंद पडला. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. धंद्याचीही यात साथ होती. सूत मारवाडी-गुजराती पेढीचे, माग मोमीन किंवा पद्मशाली मालकाचा, चालवणारा उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणचा. यातला एक जरी दूर झाला, तरी बाकीच्यांचे हात रिकामे राहतात.

२००७ मध्ये वीजवाटप टोरंट कंपनीकडे गेले. गळती घटली, बिलांची तक्रार मात्र उरली. १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया योजनेचा प्रारंभ भिवंडीतच झाला. पण २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांच्या माऱ्यात छोट्या मागवाल्याला नवा माग घेण्याची हिंमत कोठून यावी? त्या मे महिन्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला कामगारांची खास गाडी सुटली.

आता गोदामांकडे वळू. मुंबईची जकात वाचावी म्हणून व्यापारी माल वेशीबाहेर ठेवीत. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, त्यानेही भर पडली. जीएसटीने जकात संपवली, तरी गोदामे ओस पडली नाहीत; उलट कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही, म्हणून मोठी गोदामे येथे आली. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टही आले. पण ही गोदामे माणकोली, राहनाळ, पूर्णा, वडपे अशा गावांच्या भातशेतीवर आहेत. तेथे मोठा कंटेनर सरळ आत वळतो. शांतीनगर-गैबीनगरच्या गल्लीत टेम्पो मागे घेतानाच कोणीतरी भिंतीला चिकटून उभे राहते.

म्हणून माग विकून शेड गोदामाला देऊ म्हणणाऱ्या बांधवांनी आधी आपल्या गल्लीची रुंदी मोजावी. भाडे येईल ते चिंधीवाल्याचे किंवा छोट्या शिलाई कारखान्याचे, मोठ्या कंपनीचे नव्हे. आणि ज्यांच्याकडे अजून आठ-दहा माग चालू आहेत, त्यांनी चार घरे एकत्र येऊन निदान एका बीमचे सूत स्वतःच्या पैशाने घेऊन पाहावे. त्या एका ताग्याचे ग्रे तरी आपल्या नावाने विकले जाईल.