क्लोरीनयुक्त औषधांचें मोजमाप व यंत्राची पारख

मागील हंगामांत आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें द्राक्षांच्या एकाच ढिगांतील नमुने दोन प्रयोगशाळांकडे धाडिले. क्लोरपायरिफॉसचा अंश एकीनें किलोस ०.०१६ मिलिग्रॅम दाखविला, तर दुसरीनें ०.००९. युरोपीय संघानें इ. स. २०२० पासून त्याची मर्यादा ०.०१ ठरविली आहे. म्हणजे हजार टन द्राक्षांत तोळाभराहूनही कमी! निर्यातदार माल घेईना. हा फरक कसा पडला, याचा आम्हीं शोध केला, तो वाचकांपुढें ठेवितों.

गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रांत अर्काचे घटक लांब व अतिशय बारीक नळींतून वेगवेगळ्या वेळीं बाहेर पडतात. शेवटीं इलेक्ट्रॉन टिपणारा शोधक असतो; तो जेम्स लव्हलॉक यांनीं इ. स. १९५७ मध्यें सिद्ध केला. त्यांतील निकेल-६३ च्या किरणांमुळें वायूंत इलेक्ट्रॉन सुटून विजेचा बारीक प्रवाह वाहतो. क्लोरीनयुक्त पदार्थ आला कीं तो हे इलेक्ट्रॉन गिळतो, प्रवाह घटतो, आणि ती घट शिखराच्या रूपानें उमटते.

परंतु शिखर म्हणजे वजन नव्हे. लिंडेन व डीडीटी सारख्या वजनानें घातलें तरी शिखरें सारखीं येत नाहींत. क्लोरीनचे अणु किती व कोठें जडले आहेत, यावर तें अवलंबून असतें. म्हणून प्रत्येक औषधाचा शुद्ध नमुना तोलून त्याचीं पांच-सहा निरनिराळ्या बळाचीं द्रावणें करितात, व वजन आणि शिखराचें क्षेत्रफळ यांची रेषा काढितात. या शोधकाची रेषा फार दूरवर सरळ जात नाहीं. मात्रा वाढली कीं वांकते. नमुना रेषेपलीकडे गेल्यास तो पातळ करून पुन्हां घालावा. रेषा अंदाजानें पुढें ओढणें म्हणजे साखळी न टाकतां बांध ठरविणें होय. मोजणीच्या कागदांत आमचें आयुष्य गेलें, तेव्हां ही खोड आम्हांस चांगली ठाऊक आहे.

वरील प्रकरणीं पहिल्या प्रयोगशाळेनें प्रमाण-द्रावणें नुसत्या द्रावकांत केलीं होतीं. यंत्राच्या तोंडाशीं औषधाचा कांहीं अंश चिकटून राहतो. द्राक्षांच्या अर्कांतील इतर द्रव्यें मात्र त्या जागा व्यापतात, व औषध अधिक सुटून शिखर फुगतें. दुसरीनें औषध न मारलेल्या द्राक्षांच्या अर्कांतच प्रमाण-द्रावणें केलीं होतीं. तीच रीत योग्य.

दाखला घेतांना एवढें विचारावें: प्रमाण-द्रावणें कशांत केलीं, मधून मधून तपासणीचें द्रावण घातलें काय, आणि कोऱ्या द्राक्षांत मुद्दाम घातलेलें औषध किती परत मिळालें? शेंकडा ७० ते १२० पर्यंत मान्य धरितात. बागाईतदारानें हे प्रश्न केल्यावर पहिल्या प्रयोगशाळेनें नमुना पुन्हां मोजला, आंकडा ०.००८ आला. तोंपर्यंत आठ दिवस गेले होते, आणि निर्यातदारानें दुसऱ्याचा माल भरला होता.