बाबांचा चष्मा आणि लिनक्सची अक्षरं

'डोळ्यांचा नंबर वाढला बहुतेक,' बाबा फोनवर म्हणाले. पाठोपाठ नवा चष्माही झाला. तरी तक्रार तीच. तुझ्या त्या लॅपटॉपवर पाच मिनिटं वाचलं की डोकं चढतं.

'माझा तो लॅपटॉप' म्हणजे पाच वर्षं पाठीवर ऑफिसला नेलेलं धूड. विण्डोज त्यावर रखडत चालायची. म्हणून लिनक्स टाकलं, माझ्या जुन्या सेटिंग्ज कॉपी केल्या आणि दिवाळीत सांगलीला बाबांना देऊन आले. फुकटात सॉलिड काम झालं म्हणून मीच खूश! महिन्याभरात बाबांनी तो मिटून ठेवला. वर आईचा क्रोशाचा रुमाल.

परवा वीकएण्डला गेले तेव्हा रुमाल काढला आणि पेपरची साइट उघडली. कर्म माझं! वेलांट्या करवतीसारख्या. अनुस्वार शिरोरेखेला चिकटलेले. 'ध' कुठला, 'घ' कुठला, अंदाजानंच वाचायचं. देताना मला हे दिसलं नव्हतं का? खरं सांगू? दिसलं होतं. 'चालतंय की' म्हणून सोडून दिलं होतं.

फंडा असा आहे. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ठिपक्यांची. बातमीतल्या एका अक्षराला उंचीला मिळतात जेमतेम बारा-पंधरा ठिपके. तेवढ्यात 'क्ष'ची वळणं बसवायची. ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा ठेवला, की पायऱ्या दिसणारच. कडेच्या ठिपक्यांना थोडा करडा रंग दिला की डोळ्याला वळण गुळगुळीत भासतं. याचं नाव अँटी-अलायझिंग. लिनक्सवर अक्षरं रंगवण्याचं हे काम फ्रीटाइप करतं. कुठला फॉण्ट घ्यायचा, तो कसा रंगवायचा, हे फॉण्टकॉन्फिग सांगतं.

बाबांच्या फॉण्टकॉन्फिगला हुकूम होता, करडा रंग नको! ती फाइल माझीच. कॉलेजात असताना इंग्रजी अक्षरं कडक दिसावीत म्हणून कुठूनतरी उचललेली. म्हणजे बाबांचे डोळे मीच बिघडवले होते म्हणा ना.

फाइल उडवली आणि सेटिंग्जमध्ये अँटी-अलायझिंग चालू केलं. वळणं सुधारली, पण शिरोरेखा धूसर झाली. कारण हिंटिंग बंद होतं. रेघ ठिपक्यांच्या दोन ओळींत अर्धी-अर्धी पडली की ती फिकट होते. हिंटिंग तिला ओळीवर नेमकं बसवतं. 'फुल'वर ठेवलं तर अक्षरांचा आकारच वाकडा होऊ शकतो. 'स्लाइट' फक्त उभ्या दिशेनं सरकवतं, रुंदीला हात लावत नाही. शिरोरेखेला हवं असतं तेवढंच. 'स्लाइट' केलं आणि रेघ एकदम ठसठशीत!

मग हाव सुटली. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन पट्ट्या असतात. त्या वेगवेगळ्या वापरल्या तर आडवी बारकाई वाढते. फक्त पट्ट्यांचा क्रम बरोबर हवा. मी घाईत उलटा निवडला.

'अक्षरं होळी खेळून आलीत का गं?' बाबा मागून म्हणाले.

क्रम सुलटा केला. मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता फॉण्ट टाकला, तोही फुकट. ब्राउझर बंद करून परत उघडला. सगळं मिळून अर्धा तास. त्यातला निम्मा चहात गेला.

एक सांगते. नेटवर या विषयाचे जुने नुस्खे भरपूर सापडतील. फ्रीटाइपला ठिगळं लावा, स्वतः कम्पाइल करा वगैरे. एकेकाळी ते करावंच लागायचं. फॉण्टमधल्या हिंटिंगच्या सूचना वापरायच्या तर अॅपलची पेटंटं आडवी यायची, ती २०१० मध्ये संपली. तीन पट्ट्यांच्या रंगाची मायक्रोसॉफ्टची पेटंटं सुटायला २०१९ उजाडलं. अक्षर नीट दिसण्यावर कुणाची मालकी असावी, याचा मला अजूनही राग येतो. पण आता त्या भानगडीत पडू नका. सेटिंग्जमधले ते तीन पर्याय आधी बघा. आणि माझ्यासारखी जुनी फाइल कुठे लपलेली नाही ना, तेही.

बाबांनी अग्रलेख वाचला. मग आतलं पान. मग शेजारच्या काकांना हाक मारून एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. आई म्हणाली, 'रुमाल धुवायला टाकू का?'

रात्री जेवताना बाबांनी चष्मा काढून पुसला, उलटसुलट करून बघितला.

'मग हा नवा उगाच केला म्हणायचा?'

मी गुपचूप आमटी वाढून घेतली.