चार्जिंगचे ड्रिल : कोणाचे मत ऐकावे?

बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलविषयी कारागीर बांधवांची मते दोन टोकांची आढळतात. फर्निचरवाले सुतार खूश असतात, तर ग्रिल बसवणारे ‘हे खेळणे आहे’ म्हणून हात झटकतात. आमच्या मते दोघेही खरेच सांगतात. कामे वेगळी आहेत, इतकेच. प्लायमध्ये स्क्रू पिळायला फिरण्याचा जोर पुरतो. आरसीसी बीमला मात्र ठोकाही लागतो. साध्या ड्रिलमध्ये ठोका नसतोच आणि इम्पॅक्ट ड्रिलचा ठोका विटेच्या भिंतीपुरता. बीमची कामे रोज असतील तर रोटरी हॅमरच घ्यावा.

दुसरी तक्रार बॅटरी लवकर उतरण्याची. येथे डब्यावरच्या २० व्होल्टला भुलू नये. पाच लिथियम सेलची बॅटरी कोणी १८ व्होल्टची म्हणून विकतो, कोणी २० ची, वस्तू एकच. २० हा बॅटरी पूर्ण भरल्यावर, कामाला लावण्यापूर्वीचा आकडा. काम किती वेळ चालेल हे अँपिअर-अवरवर ठरते. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६ वॉट-अवर साठतात, ४ च्या बॅटरीत ७२. दुकानदार बांधवांनी हे गिऱ्हाइकाने न विचारताही सांगावे. मालातला उणेपणा झाकणे आपल्याला जायज नाही.

या यंत्रात महाग असते ती बॅटरीच. त्याच मेकची सुटी बॅटरी बाजारात मिळते का, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, आधी निवू द्यावी.