परभणी कृषी विद्यापीठातील मृद व जलसंधारण अभियांत्रिकी

मृद व जलसंधारण अभियांत्रिकी ही वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी येथील अध्यापन व संशोधनाची एक प्रमुख शाखा आहे. जमिनीची धूप रोखणे, पावसाचे पाणी अडवणे व जिरवणे आणि शेतातील जादा पाण्याचा निचरा करणे हे या शाखेचे विषय आहेत. विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयात ती शिकवली जाते.

पार्श्वभूमी

मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी, महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाच्या वर्षी झाली. २०१३ मध्ये विद्यापीठास माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. मराठवाड्यातील आठही जिल्हे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

परभणी जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या वाहतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणीही जिल्ह्यास मिळते. तरीही बरीचशी शेती पावसावर अवलंबून आहे. येथील खोल काळी जमीन ओली झाल्यावर फुगते व पाणी सावकाश मुरवते. त्यामुळे जोरदार पावसाचे बरेचसे पाणी वाहून जाते व सोबत सुपीक मातीही नेते. एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास सुमारे पाच लाख लिटर पाणी जमा होते. त्यातील काही भाग अडवला तरी पावसाच्या खंडात एखाद्या पिकास संरक्षित पाणी देता येते.

संशोधन व विस्तारकार्य

विद्यापीठात अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. विहीर पुनर्भरण, शेततळे आणि रुंद वरंबा सरी पद्धत या तंत्रांचा प्रसार विद्यापीठाने केला आहे.

विहीर पुनर्भरणात शेतातून वाहणारे पाणी चारीने प्रथम एका खड्ड्यात आणले जाते. तेथे गाळ व काडीकचरा खाली बसतो. त्यानंतर ते दगड, खडी व वाळूचे थर असलेल्या मुख्य गाळण खड्ड्यातून झिरपते आणि पाइपाने विहिरीत सोडले जाते. गढूळ पाणी थेट सोडल्यास विहिरीत गाळ साचतो व झरे बुजतात, म्हणून गाळणीची नियमित स्वच्छता आवश्यक ठरते.

रुंद वरंबा सरी पद्धतीत सोयाबीन, तूर यांसारखी पिके रुंद वरंब्यावर पेरतात. कमी पावसात दोन्ही बाजूंच्या सऱ्यांत ओलावा टिकतो, तर अतिवृष्टीत त्याच सऱ्यांतून जादा पाणी निघून जाते. भारी काळ्या जमिनीसाठी या पद्धतीवर १९७० च्या दशकापासून हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत काम झाले.

मर्यादा

मराठवाड्यातील बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत व मुरमाच्या थरांत साठते. ही साठवण मर्यादित असते. मुरलेले पाणी शेजारच्या विहिरींनाही मिळते, त्यामुळे एकट्या शेतकऱ्यापेक्षा संपूर्ण पाणलोटात केलेली कामे अधिक उपयुक्त ठरतात. अस्तरीकरण केलेले शेततळे पावसाच्या अपधावाऐवजी विहिरीच्या उपशाने भरल्यास भूजलात भर पडत नाही. उलट बाष्पीभवनाने पाणी वाया जाते. तसेच उसासारख्या पिकांसाठीचा उपसा वाढत राहिल्यास पुनर्भरणाचा लाभ टिकत नाही. त्यामुळे या अभियांत्रिकी उपायांना पीकनियोजन व पाणीवापराच्या शिस्तीची जोड आवश्यक असते.